बांधायला वेळ लागतो

ट्रॅक्टर विकला त्या दिवशी माझा लेक कॉर्बिन खुर्चीतून म्हणाला, "आई, बाबांची एवढीच एक वस्तू राहिली होती."

"बाप तरी कुठं राहिलाय?" मी म्हटलं. "तो असता तर त्यानं आधी प्रेटरचं टाळकं फोडलं असतं. मी ट्रॅक्टर विकून गप बसले."

गप बसले नव्हतेच. ट्रॅक्टरच्या जागी दारात लांब पांढरी व्हॅन येऊन उभी राहिली. मागं खिडकी नाही, काच नाही, नुसता पत्र्याचा डबा. सून ट्विला कारखान्यातली पाळी संपवून आली. बुटांना चिखल, केसांना तेलाचा वास. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"अहो आई, हे काय?"

"गाडी."

"ते दिसतंय मला. चालवणार कोण?"

"मी."

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कॉर्बिनच्या खिडकीकडं बघत राहिली आणि मग तिनं आत जाऊन घेवड्याचं पातेलं चुलीवर ठेवलं.

आमच्या ओहायोच्या डोंगरात आता तंबाखू कुणी लावत नाही. खालच्या सपाटीवर मोटारींचे कारखाने आहेत, त्यावर सगळ्यांची चूल. हे कारखाने माल साठवून ठेवत नाहीत. एखादी पेटी कमी पडली की माणसांची अख्खी ओळ हात बांधून उभी राहते. मग ती एक पेटी घेऊन कुणीतरी जीव खाऊन पळायचं. तातडीचा माल म्हणतात त्याला. ड्वाइट प्रेटर त्यावरच मोठा झाला. दारात व्हॅनींची रांग, चर्चमध्ये पहिला बाक, आणि तोंडात सदा देवाचं नाव.

कॉर्बिन त्याची गाडी चालवायचा. एका सकाळी व्हॅनमध्ये लोखंडी रोलरची पेटी चढवली आणि प्रेटरनं त्याला तिच्यावर पट्टे बांधू दिले नाहीत. निघ म्हणाला. वळणावर हरीण आडवं आलं, पोरानं ब्रेक दाबला, गाडी थांबली. पेटी थांबली नाही. ती सीट फोडून त्याच्या पाठीत बसली.

दवाखान्यात कॉर्बिननं हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी नाही. बाहेर प्रेटर सांगत सुटला, "मी पट्टे दिले होते हो त्या पोराला. आळस, दुसरं काय! देव त्याला सद्बुद्धी देवो." आणि लोकांनी मान हलवली. पाठ मोडलेल्या पोराची कीव आली सगळ्यांना, पण आळशी पोर म्हणूनच आली.

मला त्याचा एक डॉलर नको होता. त्यानं चार माणसांत स्वतःच्या तोंडानं बोलावं, मीच बांधू दिलं नाही म्हणून. आणि तो बोलेपर्यंत मला त्याच्या ताटातला एकेक घास उचलायचा होता.

गाड्यांना माल मिळवून देणाऱ्या कंपन्या असतात, लांबच्या शहरांत. एकीलाही बिनअनुभवाचं माणूस नको. शेवटी एका ठिकाणी केसी नावाच्या पोरीनं फोन उचलला.

"अनुभव काय, मॅडम?"

"तंबाखू लिलावाला नेलाय. अडलेली गाय बर्फातून डॉक्टरकडं नेलीय. मरता नवरा नेलाय."

"मालवाहतुकीचा, मॅडम?"

"गाय जिवंत पोचली. तुझ्या पेटीला लाथा असतात का?"

पोरगी हसायला लागली ती थांबेना. म्हणाली, मोठ्या ट्रकचं जमणार नाही, पण लहान व्हॅनला आम्ही नवं माणूस घेतो. मग त्यांनी नशापाणी तपासायला मला कपात लघवी करायला लावली, खुर्चीत बसवून गाडी चालवायचे सिनेमे दाखवले, आणि व्हॅनच्या दारावर त्यांच्या नावाचा कागद चिकटवला. मी भुईला प्लायवूड ठोकलं, भिंतींना कड्या लावल्या, सीटमागं झोपायला फळी टाकली. कॉर्बिन खिडकीतून ठोकठोक ऐकत होता. मी विचारलं, कड्या किती अंतरावर लावू? त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

पहिलाच माल घ्यायला गेले ते ट्रकांच्या उंच धक्क्याला गाडी पाठमोरी लावून मागचं दार उघडून ऐटीत उभी राहिले. धक्का माझ्या छातीएवढा वर, माझी गाडी गुडघ्याएवढी खाली. कितीतरी वेळ कुणी येईना. मग वरून एकजण खाली वाकला.

"आजी, पेटी काय वरून टाकू? झेलतेस?"

मागून सगळी हसली. फोर्कलिफ्टवाला भोंगा वाजवून हसला. "तुझा डबा जमिनीवरून भरतात गं! तिकडं उताराकडं ये!"

मी गाडी हलवली. कान तापले होते, पण मान वर ठेवली. हसणाऱ्यांत प्रेटरचा एक ड्रायव्हर होता. म्हणजे संध्याकाळपर्यंत प्रेटरला कळणार.

कळलंच. पेट्रोलपंपावर तो स्वतःच समोर आला. टोपी काढली, डोळ्यांत माया आणली, चर्चमधल्यासारखी हाक मारली.

"सिस्टर ओल्मा, एक सांगू? तू आपलं जवळपासचंच घेत जा. तालुक्यातल्या तालुक्यात. बायकांनी जेवणवेळेला घरी पोचलेलं बरं."

"तुझ्या बायकोला विचार, ब्रदर. तू घरी पोचलेला तिला बरं वाटतं का ते."

पंपावरची पोरं खिदळली. तो पण हसला, त्यांच्यापेक्षा जास्त. पण त्याचं ते 'तालुक्यातल्या तालुक्यात' माझ्या पोटात काट्यासारखं रुतलं. दुसऱ्या दिवशी केसीनं फोनवर विचारलं, "एक फेरी आहे, फार लांबची, नॉर्थ डकोटा. तेलाच्या विहिरीचा सुटा भाग. नवीन माणसाला मी सांगत नाही सहसा..."

"घेतली," मी म्हटलं. तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

वाटेत ट्रकतळावर तळलेल्या मांसाचं सँडविच खाल्लं, फळीवर अंग टाकलं, उठून पुन्हा चाक धरलं. पेटी वेळेत पोचवली. लिहून घेणाऱ्यानं 'थँक्यू मॅम' म्हटलं तेव्हा वाटलं, प्रेटर, बघ.

मग परतीचा माल मिळायची वाट बघत मी ट्रकतळावर उभी राहिले. आणि उभीच राहिले. फोन वाजेना. वारा असा की दार उघडलं की पुन्हा लावायला दोन्ही हात लागावेत. थंडीनं बोटांची पेरं फुगली. पोटात कॉफी आणि बिस्किटं. बाजूला एक मोठी व्हॅन उभी होती, तिचा मालक मिलेंको, सर्बियाचा. मिशा पांढऱ्या, पायात घरच्या सपाता. त्यानं एकदा माझ्या काचेवर टकटक केली आणि सुपाचा डबा पुढं केला.

"ताई, तुला इथं कुणी पाठवलं?"

"मीच आले."

"मी पण माझ्या पहिल्या वर्षी असाच आलो होतो," तो म्हणाला. "भाडं बघितलं, रस्ता बघितला. गावात काय जातं ते बघितलं, गावातून काय निघतं ते बघितलंच नाही. इथून काय निघतं माहितीय? वारा."

"मग तू आता कशाला आलायस?"

"माझी मुलगी इथं दिलीय," तो म्हणाला. त्यावर मला पहिल्यांदा हसू आलं.

त्यानं माझी गाडी उघडून बघितली. मी पेटीवरून एकच पट्टा टाकायची, पोतं बांधल्यासारखा. त्यानं मान हलवली. मोकळ्या लाकडी चौकटीवर दाखवलं: एक पुढून, एक मागून, दोन तिरपे एकमेकांवरून, मग खटका कट-कट ओढायचा, मग पेटीला खांदा लावून धक्का द्यायचा. पेटी हलली नाही पाहिजे, गाडी हलली पाहिजे. "बांधायला वेळ लागतो," तो म्हणाला. "घाई करणारा नेहमी तोच असतो, ज्याला गाडीत बसायचं नसतं."

मी ते वाक्य कमरेला खोचलं.

शेवटी रिकामीच निघाले, शिकागोच्या अलीकडं येईपर्यंत काही मिळालं नाही. घरी पोचले तर चर्चच्या जेवणात ही बातमी माझ्याआधी पोचलेली. बायका ताटं वाढत होत्या आणि प्रेटर पहिल्या टेबलाशी उभा राहून सांगत होता, "आपल्या सिस्टर ओल्माला नॉर्थ डकोटाचा वारा खायला घालून पाठवलंय हो त्यांनी. आता तिला कोंबडीची तंगडी जरा मोठी वाढा!"

सगळी हसली. ट्विला खाली मान घालून मक्याचा पाव कुस्करत बसली. कॉर्बिन त्याचा वॉकर, ती चालायची लोखंडी चौकट, धरून भिंतीशी उभा होता, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. मी तंगडी घेतली, मोठीच घेतली, आणि प्रेटरकडं बघत हाडापर्यंत खाल्ली.

त्यानंतर मी शिकले. नाही म्हणायला शिकले, ते सगळ्यात अवघड. केसी म्हणायची, "मावशी, भाडं चांगलं आहे गं." मी म्हणायची, "येताना काय आहे ते सांग आधी. तू बसलीस उंटावर, शेळ्या मला हाकायच्यात." धक्के ओळखू यायला लागले, उतार कुठं, धक्का कुठं. सीटचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्याचं, म्हणजे ट्विलाच्याच कारखान्याचं काम अधूनमधून माझ्याकडं यायला लागलं. आवक घेणारा बर्ल फार बोलायचा नाही. माल उघडायच्या आधी पट्ट्यांवर हात मारून बघायचा, बस.

आणि प्रेटरचे ड्रायव्हर ट्रकतळावर भेटायचे. मी त्यांना काम सोड कधी सांगितलं नाही. मी त्यांच्या गाडीचं मागचं दार उघडायची आणि विचारायची, "पट्टे कुठायत, बाळा?" एखादा म्हणायचा, "मालकाकडं मागितलेत." मी म्हणायची, "कॉर्बिननं पण मागितले होते." मग त्याला कॉफी पाजायची. हिवाळा संपेपर्यंत प्रेटरच्या दारातल्या निम्म्या व्हॅनी कुणी माणूस नाही म्हणून उभ्या होत्या. म्हातारपणी त्याला स्वतः चाक धरायला लागलं. ते पाहून मला झोप चांगली लागायची. खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये, बर्फ वितळून रस्त्याकडेला सगळा चिखल झालेला, दुपारी केसीचा फोन आला.

"मावशी, कुठंयस?"

"नदीच्या पुलाजवळ. रिकामी."

"सीटच्या कारखान्याची पत्रा दाबायची प्रेस बंद पडलीय. तिची मोटर घेऊन गाडी येत होती, ती टेकडीच्या चढावर मेली. तू सगळ्यात जवळ. मोटर तुझ्या गाडीत घ्यायची आणि पोचवायची. ओळ उभी आहे." मग ती थांबली. "गाडी प्रेटरची आहे. स्वतः तोच चालवत होता."

"घेतली," मी म्हटलं.

चढावर पोचले. प्रेटरची व्हॅन कडेला तिरकी, पुढून वाफ निघतेय. गाड्या ओढणारा एल्झी स्कॅग्ज आधीच येऊन त्याच्या गाडीचा लांब लोखंडी हात लावून उभा होता. एल्झीला गावातली प्रत्येक गोष्ट ठाऊक असते आणि पोटात एकही राहत नाही. प्रेटर गुडघ्यापर्यंत चिखलात. टोपी नाही. मला बघून त्याचं तोंड आधी पडलं, मग गोड झालं.

"सिस्टर! देवानंच पाठवलं तुला."

"केसीनं पाठवलं."

मी त्याच्या गाडीचं मागचं दार उघडलं. मोटर लाकडी पाटावर मधोमध बसलेली, वासराएवढी. वर पट्टा नाही. भिंतीला कडी नाही. मी माझे पट्टे काढून खांद्यावर टाकले.

एल्झीनं साखळी लावून मोटर उचलली, हवेत झुलवत माझ्या गाडीत उतरवली. तेवढ्यात माझा फोन वाजला. कारखान्यातून बर्ल. मी स्पीकर लावून फोन गाडीच्या भुईवर टाकला, कारण माझे हात पट्ट्यात होते.

"ओल्मा, मिळाली का?"

"मिळाली. बांधतेय."

पुढून एक, मागून एक. गुडघे टेकून मी तिरपा पट्टा कडीत घातला. फुगलेल्या पेरांना खटका नीट धरवत नव्हता. प्रेटर मागं येरझाऱ्या घालत होता. चिखल चपक-चपक वाजत होता.

"झालं का? ओळ उभी आहे तिकडं! काम जाईल माझं!"

"बांधायला वेळ लागतो."

"अगं पट्टे कसले बांधत बसलीस, टेकडी उतरली की कारखाना!" तो ओरडला. "एवढ्याशा फेरीला मी माझ्या एकाही पोराला बांधू देत नाही! निघ!"

एल्झीच्या हातातली साखळी खणकन् पाटावर पडली. मी मागं वळून बघितलं. प्रेटरचं तोंड उघडंच होतं, शब्द बाहेर पडून गेले होते.

"कुणाला बांधू देत नाहीस?" भुईवरून बर्लचा आवाज आला.

प्रेटरनं फोनकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. "रागात बोललो," तो म्हणाला. "माणूस रागात काहीही बोलतो."

मी खटक्यावर अंगठा दाबला आणि आवळलेला पट्टा सोडला. मग दुसरा सोडला. कडीतून काढून सगळे गुंडाळून मांडीवर घेतले. त्या ओळीवर माझी सून उभी होती. तिची पाळी कापली जाईल, घरात तो पगार लागतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी सोडले.

"काय करतेयस? ओल्मा!"

"पहिल्यापासून बांधतेय. नीट बसले नव्हते."

"ओल्मा, देवासाठी."

"कॉर्बिननं पट्टे मागितले होते का?"

मी एक पट्टा सावकाश सोडवून सरळ करायला लागले, आजीबाई गोधडीला टाके घालते तशी. खालून एक ट्रक चढत आला, भोंगा देऊन गेला. फोनमधून कारखान्याचा आवाज येत होता, म्हणजे आवाजच नव्हता. यंत्रं उभी असली की तिथं माणसांचं खोकणं ऐकू येतं.

"मागितले होते," प्रेटर म्हणाला.

"मोठ्यानं. एल्झीला एका कानानं कमी येतं."

"मला येतं सगळं," एल्झी म्हणाला.

"मागितले होते! मी म्हणालो नको! मी म्हणालो निघ!" त्यानं खाली रस्त्याकडं हात केला. "झालं? आता जा!"

मी बांधलं. पुढून, मागून, तिरपे दोन. खांदा लावून धक्का दिला. गाडी हलली, मोटर नाही. मग दार लावलं.

"मला खालपर्यंत नेतेस का?" तो म्हणाला. बूट चिखलात गेलेला, एका पायात नुसता मोजा.

"कंपनीचा नियम आहे, ब्रदर. अनोळखी माणसाला गाडीत घेता येत नाही."

कारखान्यात बर्ल उतारावर उभा होता. त्यानं पट्ट्यांवर हात मारला, सही केली.

"उशीर केलास, ओल्मा."

"केला."

"यापुढं गाडी मागवताना प्रेटरचं नाव घेणार नाही मी," तो म्हणाला. "तुझं घेईन. पण पुन्हा असली ओळ थांबवलीस तर तुझंही नाही."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. त्याच्या जागी मी असते तर माझं तेव्हाच टाकलं असतं.

ट्विला फाटकाबाहेर डबा घेऊन उभी होती. ओळ थांबली म्हणून त्यांची अख्खी तुकडी घरी पाठवली होती. ती गाडीत बसली, पट्टा लावला, डबा मांडीवर घेतला.

"बायकांची अर्धी पाळी गेली, आई."

"सांग त्यांना, मी घेतली म्हणून."

"सांगितलं. बर्लनं पण फोनचा स्पीकर लावला होता, सगळ्यांनी ऐकलंय." तिनं नाक पुसलं. "म्हणाल्या, सासूला म्हणावं पट्टे अजून थोडे सैल सोडायचे होते."

एल्झीनं त्याचं काम चोख केलं. रविवारी आम्ही चर्चच्या पायऱ्या चढलो तेव्हा बायका बाजूला झाल्या आणि कॉर्बिनच्या वॉकरला वाट दिली. पाद्रीबाबा मला गाठून हळूच म्हणाले, "सिस्टर, क्षमा हीच खरी..." मी म्हटलं, "ते काम देवाचं, बाबा. त्याच्या पोटावर मी कशाला पाय देऊ?"

प्रेटर पहिल्या बाकावर नव्हता. मागं दाराजवळ बसला होता, बायकोच्या आडोशाला.

आमच्याकडं शेवटचं गाणं चालू असताना सगळे जागेवरून उठतात आणि फिरून एकमेकांच्या हातात हात देतात. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्यापाशी आधी जायचं. हात दिला, हात घेतला की भांडण तिथं पुरलं. नंतर जो उकरून काढील त्याचंच तोंड काळं. प्रेटरला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. पहिलं कडवं सुरू झालं तसा तो मागून निघाला. लोक गात-गात बाजूला होत गेले. मला वाटलं माझ्याकडं येतोय. मी दोन्ही हात पाठीमागं नेले.

तो माझ्याकडं आला नाही. हुशार माणूस. तो कॉर्बिनसमोर थांबला. पोरगा मऊ, कुणाला नाही न म्हणणारा, हे त्याला राबवून तो शिकला होता.

"कॉर्बिन, बाळा," तो म्हणाला, आणि उजवा हात पुढं केला.

गाणं चालू होतं, पण आमच्याभोवतीची माणसं नुसते ओठ हलवत होती. कॉर्बिननं त्या हाताकडं बघितलं. वॉकरवरची त्याची बोटं पांढरी झाली होती, इतकी घट्ट.

"सोडता येत नाही," तो म्हणाला. "उभं राहायला मला दोन्ही हात लागतात."

प्रेटरचा हात तसाच राहिला, हवेत. त्यानं तो खाली आणून कॉर्बिनच्या मुठीवर ठेवायला बघितला. कॉर्बिननं वॉकर उचलून एक पाऊल पुढं टेकवला.

"वाट देता?" तो म्हणाला.

प्रेटर बाजूला झाला. मी तोंड फिरवलं नाही, डोळे भरून बघून घेतलं. गाण्याचं शेवटचं कडवं राहिलं होतं. आमच्या बाकावरच्या सगळ्यांपेक्षा मी ते मोठ्यानं म्हटलं.